वॉल्डनकाठच्या दोन खातेवह्या

निवृत्तीनंतर शहर सोडावे, एखाद्या तळ्याकाठी टुमदार घर बांधावे आणि अंगणात बसून ऋतूंची ये-जा न्याहाळावी, ही इच्छा अनेकांच्या मनात वर्षानुवर्षे घर करून असते. कोणाला पवनेच्या जलाशयाचा काठ खुणावतो, तर कोणाला कुमाऊंमधील नौकुचियाताल. त्यासाठी जमिनीचे भाव पाहिले जातात, कर्जाच्या हप्त्यांचे आणि निवृत्तिवेतनाचे गणित मांडले जाते आणि यथावकाश घर उभे राहते. पहिला पावसाळा डोळे भरून पाहिला जातो. पण दुसऱ्या वर्षी तळे तेच, झाडे तीच आणि डोंगरही तेच दिसू लागतात. आता रोज नवे पाहायचे ते काय, असा प्रश्न मनात हळूच डोकावतो.

या प्रश्नाचे अतिशय समाधानकारक उत्तर सुमारे एकशे ऐंशी वर्षांपूर्वी एका अमेरिकन तरुणाने आपल्या जगण्यातून दिले. हेन्री डेव्हिड थोरो हे त्याचे नाव. तळ्याकाठी राहायला जाताना त्याने जणू दोन खातेवह्या सोबत नेल्या होत्या. एकीत पैशाचा जमाखर्च होता, तर दुसरीत ऋतूंचा. पहिली वही लवकरच बंद झाली. दुसरी मात्र त्याने आयुष्याच्या अखेरच्या वर्षांपर्यंत लिहिली आणि तिचा उपयोग आजचे शास्त्रज्ञही करीत आहेत.

उसनी कुऱ्हाड, जुन्या विटा

थोरोचा जन्म १८१७ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील कॉन्कॉर्ड या गावी झाला. बॉस्टनपासून सुमारे तीस किलोमीटरवरचे हे गाव. घरचा व्यवसाय शिसपेन्सिली बनविण्याचा. १८३७ साली हार्वर्डमधून पदवी घेऊन तो गावी परतला आणि मोठा भाऊ जॉन याच्यासह त्याने काही काळ शाळा चालवली. १८३९ मध्ये दोघा भावांनी नावेतून एक नदीप्रवास केला. पुढे १८४२ च्या जानेवारीत वस्तऱ्याने झालेल्या क्षुल्लक जखमेतून जॉनला धनुर्वात झाला आणि त्यातच तो गेला. त्या नदीप्रवासावर पुस्तक लिहावे, हे हेन्रीच्या मनाने घेतले. त्यासाठी त्याला निवांत जागा हवी होती.

गावाच्या दक्षिणेला दीड मैलावर वॉल्डन नावाचे तळे आहे. हिमयुगाच्या अखेरीस वितळणाऱ्या हिमनदीमागे राहिलेल्या खळग्यात ते निर्माण झाले. क्षेत्रफळ सुमारे एकसष्ट एकर. त्याला येऊन मिळणारा ओढा नाही, त्यातून निघणाराही नाही. जमिनीखालच्या झऱ्यांवर आणि पावसावर ते भरते. त्याच्या काठी विचारवंत राल्फ वॉल्डो एमर्सन यांनी १८४४ साली जमीन घेतली होती. आपल्या या तरुण स्नेह्याला त्यांनी तेथे घर बांधण्यास अनुमती दिली.

१८४५ च्या मार्चअखेरीस एक कुऱ्हाड उसनी घेऊन थोरो तळ्याकाठी गेला आणि पाइनची झाडे तोडून घराचा सांगाडा तयार करू लागला. रेल्वेमार्गावर काम केलेल्या एका मजुराची झोपडी त्याने सव्वाचार डॉलरला विकत घेतली आणि तिच्या फळ्या मोकळ्या करून वापरल्या. खिडक्या जुन्या, विटाही जुन्याच. दहा फूट रुंद आणि पंधरा फूट लांब अशा त्या घराला एकूण खर्च आला २८ डॉलर साडेबारा सेंट. खिळ्यांना किती लागले, कडीला किती लागले, इतकेच नव्हे तर एक सेंटचा खडू घेतला, हेही त्याने लिहून ठेवले. हार्वर्डमध्ये विद्यार्थ्याला खोलीचे वर्षाचे भाडेच ३० डॉलर पडत असे, याकडे त्याने वाचकांचे लक्ष वेधले आहे. ४ जुलै १८४५ रोजी तो तेथे राहायला गेला. त्या वेळी भिंतींना गिलावा नव्हता आणि धुराडेही बांधलेले नव्हते.

हा वनवास नव्हता, हेही सांगितले पाहिजे. जवळून रेल्वे जात होती. गावात त्याची फेरी एक-दोन दिवसांआड असे आणि आईच्या घरचे जेवणही त्याला वर्ज्य नव्हते. जमिनीचे भाडे द्यावे लागत नव्हते. पण ऋतूंच्या दृष्टीने यात उणे काही नाही. उलट, संसारापासून हाकेच्या अंतरावर राहूनही निसर्गाशी किती जवळीक साधता येते, हे त्यातून दिसते.

घेवड्याचा उन्हाळा

पहिल्या उन्हाळ्यात थोरोने सुमारे अडीच एकर रेताड जमीन कसली आणि तिच्यात प्रामुख्याने घेवडा लावला. घेवड्याच्या ओळी एकापुढे एक ठेवल्या तर सात मैल भरतील, असा त्याचा हिशेब होता. पहाटे दंवाने भिजलेल्या मातीत अनवाणी उभे राहून तो खुरपणी करी. शेताचे उत्पन्न २३ डॉलर ४४ सेंट, खर्च १४ डॉलर साडेबहात्तर सेंट आणि शिल्लक ८ डॉलर साडेएकाहत्तर सेंट. व्यवहारी माणसाला हा आकडा हास्यास्पद वाटेल. थोरोला मात्र त्यातून एक गोष्ट कळली. गरजा मोजक्या ठेवल्या, तर वर्षातले सहा आठवडे काम करून पोट भरता येते आणि उरलेले दिवस आपले असतात. दुसऱ्या वर्षी त्याने जेमतेम तिसरा हिस्सा एकर जमीन कसली.

या मोकळ्या दिवसांचे त्याने काय केले? काही सकाळी तो उंबरठ्यात बसून राही आणि सूर्य माथ्यावर आल्याचेही त्याला कळत नसे. उन्हाळ्याच्या काही दिवसांत संध्याकाळची गाडी गेली, की साडेसातच्या सुमारास रातव्याच्या जातीचे पक्षी ओरडू लागत आणि अर्धा तास ओरडत. त्यांची वेळ घड्याळासारखी नेमकी असे, ही नोंद त्याने केली. असे निरीक्षण एका दिवसात होत नाही. आज ऐकले, उद्या ऐकले आणि परवा पुन्हा तीच वेळ आली, तेव्हा ते नोंदीस पात्र ठरले. थोरोच्या ऋतुसुखाचे मर्म येथे आहे. त्याला नवी दृश्ये नको होती. तीच गोष्ट पुन्हा पाहण्यात त्याला गोडी वाटत होती, कारण पुन्हा पाहिल्यावरच तिच्यातला बदल दिसतो.

गांधीलमाश्यांचा मुक्काम

सप्टेंबर लागतो न लागतो तोच पलीकडच्या काठावर दोन-तीन लहान मेपल वृक्ष लाल झालेले त्याला दिसले. ऑक्टोबरात हजारो गांधीलमाश्या हिवाळ्याचे बिऱ्हाड शोधत त्याच्या घरात शिरल्या आणि खिडक्यांवर व भिंतींवर बसून राहिल्या. त्यांना हाकलून लावण्याची त्याने फारशी घाई केली नाही. थंडी वाढली तशा त्या आपोआप फटींमध्ये दिसेनाशा झाल्या.

त्याच सुमारास लून नावाचा पाणबुडा पक्षी तळ्यात येई. नाव वल्हवत थोरो त्याचा पाठलाग करी. पक्षी बुडी मारी आणि भलत्याच ठिकाणी वर येऊन हसल्यासारखा ओरडे. हा खेळ तासभर चाले आणि त्यात माणूस हरे.

याच दिवसांत त्याने आपले धुराडे बांधले. जुन्या विटांवरचा चुना थापीने खरवडून काढताना गवंडीकामाचा त्याला चांगलाच परिचय झाला. धुराडे पूर्ण होईपर्यंत ऊब घेण्यासाठी तो तळ्याच्या ईशान्य काठावर जाऊन बसे. तेथे पाइनच्या झाडांवरून आणि खडकाळ काठावरून परतणारी उन्हे त्याला शेकोटीसारखी वाटत. घराला गिलावा झाला तो पाणी गोठू लागल्यावर.

तळ्याचा ठाव

१८४५ साली वॉल्डन प्रथमच पूर्णपणे गोठले ते २२ डिसेंबरच्या रात्री. पुढच्या वर्षी १६ डिसेंबरला. बर्फ नुकतेच धरले, की थोरो त्यावर पालथा पडून खालचा तळ पाही आणि बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे मोजी. पुढे पिण्याच्या पाण्यासाठी आधी फूटभर हिम दूर करावे लागे आणि मग फूटभर बर्फ फोडावे लागे. रात्री बर्फाचा थर आवळला, की तळे तोफेसारखे गडगडे. भेटीला येणारी माणसे या दिवसांत कमी होत. पण ओळखीच्या एखाद्या झाडाला भेटण्यासाठी गुडघाभर हिमातून आठ-दहा मैल चालत जाण्याचा त्याचा परिपाठ सुरूच राही.

वॉल्डनला तळच नाही, अशी गावात समजूत होती. १८४६ च्या आरंभी तळे गोठलेले असताना थोरोने होकायंत्र, साखळी आणि दगड बांधलेली दोरी घेऊन शंभराहून अधिक ठिकाणी खोली मोजली. सर्वात खोल जागा १०२ फूट भरली. कमाल लांबीची आणि कमाल रुंदीची रेषा जेथे एकमेकींना छेदतात, नेमकी तेथेच ही जागा असल्याचे त्याला आढळले. पिढ्यान्‌पिढ्यांची दंतकथा एका दोरीने मिटली, पण तळ्याविषयीचे त्याचे प्रेम त्यामुळे तिळभरही कमी झाले नाही.

१८४६-४७ च्या हिवाळ्यात एक वेगळेच दृश्य दिसले. शंभर माणसे करवती आणि पहारी घेऊन तळ्यावर आली आणि बर्फाच्या लाद्या कापू लागली. त्या काळी न्यू इंग्लंडमधील तळ्यांचे बर्फ जहाजांतून दूरदूरच्या बंदरांत जात असे. १८३३ साली ते प्रथम कलकत्त्याला उतरले. पुढे मद्रास आणि मुंबई येथेही त्यासाठी बर्फघरे उभी राहिली. चेन्नईतील तशी वास्तू आज विवेकानंद इल्लम म्हणून ओळखली जाते. थोरो त्या दिवसांत भगवद्गीतेचे वाचन करीत होता. आपल्या तळ्याचे पाणी मुंबई-कलकत्त्याच्या लोकांच्या ओठी लागेल आणि गंगेत मिसळेल, या कल्पनेने तो हरखून गेला.

काठावर सुमारे दहा हजार टन बर्फ रचून त्यावर गवत आणि फळ्या घातल्या गेल्या. पुढच्या जुलैत थोडे बर्फ नेले गेले. बाकीचे उन्हात पडून राहिले आणि सप्टेंबर १८४८ पर्यंत वितळत होते. अशा रीतीने तळ्यातून उचललेला बहुतेक ऐवज सावकाश तळ्याच्याच खाती जमा झाला.

बर्फ फुटल्याची तारीख

वसंत ऋतूची चाहूल थोरोला दोन ठिकाणी लागे. एक म्हणजे रेल्वेमार्गासाठी कापलेली दरड. थंडी ओसरू लागली, की तिच्यातून ओली वाळू ओघळे आणि पानांसारखे, वेलींसारखे आकार घेई. गवताचे पाते फुटण्याआधीच जमीन जणू पालवत आहे, असे त्याला वाटे. दुसरे ठिकाण अर्थातच तळे. बर्फावर टाच टेकताना ती किती रुतते, हे तो रोज अजमावी. मग एके दिवशी रानहंसांचा थवा अंधारात कलकलाट करीत उतरे आणि ऋतू पालटल्याची खात्री पटे.

तळे पूर्ण मोकळे झाल्याच्या तारखा त्याने 'वॉल्डन' या पुस्तकात दिल्या आहेत. १८४५ साली १ एप्रिल, १८४६ साली २५ मार्च, १८४७ साली ८ एप्रिल, १८५१ साली २८ मार्च, १८५२ साली १८ एप्रिल, १८५३ साली २३ मार्च आणि १८५४ साली ७ एप्रिलच्या सुमारास. वाचताना ही यादी रूक्ष वाटते. पण लागोपाठच्या दोन वर्षांत, १८५२ आणि १८५३ मध्ये, वसंताच्या आगमनात सव्वीस दिवसांचे अंतर होते, हे या यादीमुळेच कळते. यंदा ऋतू लांबला, असे आपण सहज म्हणतो. थोरो तो किती लांबला, हे सांगू शकत होता.

गावात परतल्यावर

६ सप्टेंबर १८४७ रोजी, दोन वर्षे दोन महिने आणि दोन दिवसांनंतर, थोरोने तळ्याकाठचे घर सोडले. पुढे ते घर विकले गेले, जागेवरून हलवले गेले आणि अखेर मोडले गेले. नदीप्रवासाचे पुस्तक १८४९ साली त्याने स्वतःच्या जबाबदारीवर छापवून घेतले. एक हजार प्रतींपैकी ७०६ प्रती चार वर्षांनी प्रकाशकाने परत पाठवल्या. भावाच्या आठवणीसाठी लिहिलेल्या त्या पुस्तकाचे कर्ज त्याने जमीनमोजणीची कामे करून फेडले. 'वॉल्डन' १८५४ साली प्रसिद्ध झाले. त्याआधी त्याचे सात खर्डे झाले होते. दोन वर्षांचा मुक्काम त्याने त्यात एका वर्षाच्या ऋतुचक्रात बसवला आहे.

वरच्या यादीतील शेवटच्या चार तारखा पुन्हा पाहाव्यात. त्या वर्षी थोरो तळ्याकाठी राहत नव्हता. तो गावात राहत होता आणि चालत जाऊन तळे पाहत होता. रोज तीन-चार तास भटकंती आणि त्यानंतर लेखन, असा त्याचा क्रम झाला. कोणते फूल कोणत्या दिवशी उमलले, कोणत्या झाडाला पालवी कधी फुटली, कोणता पक्षी कधी आला, हे तो टिपत गेला. १८५० च्या दशकात त्याने शेकडो वनस्पतींच्या फुलण्याच्या नोंदी केल्या आणि पुढे त्यांचे मोठाले तक्ते मांडायला घेतले. त्याची दैनंदिनी सुमारे वीस लाख शब्दांची आहे. १८६० च्या डिसेंबरात झाडांच्या खोडांवरची वलये मोजत असताना त्याला सर्दी झाली आणि जुना क्षय बळावला. ६ मे १८६२ रोजी वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी तो गेला. तक्ते अपुरेच राहिले.

दीडशे वर्षांनी उघडलेली वही

थोरोनंतर कॉन्कॉर्डमध्येच आल्फ्रेड हॉस्मर नावाच्या एका दुकानदाराने फुलांच्या तारखा टिपण्याचा नाद धरला. १८७८ साली आणि पुढे १८८८ ते १९०२ या वर्षांत त्याने अशा नोंदी केल्या. त्यांचे काय होईल, याची त्याला कल्पना असण्याचे कारण नव्हते.

२००३ सालापासून बॉस्टन विद्यापीठाचे रिचर्ड प्रायमॅक आणि अब्राहम मिलर-रशिंग यांनी या जुन्या नोंदी हाती घेतल्या. तीच गावे, तीच राने पालथी घालून त्यांनी तीच फुले शोधली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, सहज आढळणाऱ्या ४३ वनस्पती थोरोच्या काळापेक्षा सरासरी सात दिवस आधी फुलू लागल्या होत्या. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात दिसले, की थोरोने पाहिलेल्या वनस्पतींपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक कॉन्कॉर्डमधून नाहीशा झाल्या होत्या. बदलत्या तापमानाबरोबर ज्यांना आपली फुलण्याची वेळ बदलता आली नाही, त्यांना अधिक झळ बसली. २०१० आणि २०१२ या उष्ण वसंतांत तर फुलण्याच्या तारखा पूर्वी कधी नव्हत्या इतक्या अलीकडे आल्या. वॉल्डनवरचे बर्फही थोरोच्या काळाच्या तुलनेत सुमारे दोन आठवडे आधी फुटू लागले आहे.

स्वतःच्या आनंदासाठी केलेल्या नोंदींतून हा पुरावा मिळाला. थोरोने शिल्लक ठेवलेले ८ डॉलर साडेएकाहत्तर सेंट केव्हाच खर्च झाले. ऋतूंच्या खात्यातील ठेव मात्र आज साऱ्या जगाच्या कामी येत आहे. ती वही नसती, तर कॉन्कॉर्डचे काय हरवले, हे कोणालाच मोजता आले नसते.

आपल्या काठावर

मराठी वाचकाला वॉल्डन परके नाही. दुर्गा भागवत यांनी या पुस्तकाचा अनुवाद 'वॉल्डनकाठी विचारविहार' या नावाने केला आहे. त्यांचेच 'ऋतुचक्र' हे पुस्तक १९५६ साली प्रसिद्ध झाले आणि आपल्याकडील बारा महिन्यांच्या निसर्गाकडे पाहण्याची दृष्टी त्याने अनेक पिढ्यांना दिली. रोहिणी, मृग, आर्द्रा या नक्षत्रांवर पेरणीचा अंदाज बांधणारा आपला शेतकरीही एक खातेवही पूर्वापार सांभाळत आला आहे. फक्त ती बहुतेक वेळा तोंडी असते.

आपल्याकडची तळी गोठत नाहीत, पण त्यांनाही ऋतू असतात. पवनेचे पाणी श्रावणात काठाशी येते आणि वैशाखात मागे सरून चिखलाचे पट्टे उघडे पाडते. थंडीत अनेक जलाशयांवर चक्रवाक उतरतात. पळस पेटतो, पांगारा फुलतो, आंब्याला मोहोर येतो. यांपैकी कोणती गोष्ट आपल्या काठावर यंदा कोणत्या तारखेला घडली आणि गेल्या वर्षी कोणत्या, हे सांगणारी माणसे थोडी आहेत. 'सीझनवॉच' या भारतीय उपक्रमात शाळकरी मुले आणि सामान्य नागरिक आपल्या परिसरातील झाडांची पालवी, फुले आणि फळे यांच्या अशा नोंदी करीत आले आहेत. त्यासाठी वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही. ओळखीचे एक झाड आणि नेमाने पाहण्याची सवय पुरते.

तळ्याकाठचे घर साऱ्यांनाच साधेल असे नाही, आणि साधले तरी केवळ त्या घराने ऋतू भेटतीलच असेही नाही. खुद्द थोरोचा तळ्याकाठचा मुक्काम जेमतेम सव्वादोन वर्षांचा होता. त्याने ऋतू पाहिले ते त्यानंतरची चौदा वर्षे गावातल्या घरातून रोज चालत जाऊन. बदली होऊन कोलकात्याला गेलेला अधिकारी असो, हैदराबादेत हुसेनसागरावर सकाळी फिरायला जाणारे निवृत्त गृहस्थ असोत किंवा भोपाळच्या बड्या तलावाकाठी राहणारे मराठी कुटुंब असो, ही वही कोणालाही उघडता येते. पहिले पान अगदी साधे असू द्यावे. आजची तारीख, पाण्याची पातळी आणि खिडकीतून दिसणाऱ्या झाडाची अवस्था. पुढच्या वर्षी त्याच तारखेला ते पान पुन्हा वाचले, की तेच तळे वेगळे दिसेल.